सादळलेलं आणि वाळलेलं

सकाळी पावणेनऊला फाटकाची कडी वाजते. बायको मिरजेला एका दवाखान्यात स्टाफ नर्स आहे. महिन्यातले आठ-दहा दिवस रात्रपाळी असते. रात्री आठला गेलेली सकाळी आठला सुटते, येणाऱ्या सिस्टरला वॉर्ड समजावून देते आणि मिरज-सांगली रस्त्यानं स्कूटीवरून विश्रामबागला येते. आधी अंघोळ, मग ताट. त्या वेळी तिला गरम आणि खमंग काहीतरी लागतं. बारा तास औषधांच्या वासात काढल्यावर मऊ पडलेलं, गार अन्न तिच्या घशाखाली उतरत नाही, हे मी लग्नानंतर पहिल्याच वर्षी बघितलं. ती तक्रार करत नाही. दोन घास खाते आणि ताट सरकवून झोपायला जाते.

म्हणून रात्रीचं सकाळी नीट गरम करणं हे आमच्या घरात माझं काम आहे. माझी कुपवाडला जनरल शिफ्ट, साडेनऊची. तेवढ्या वेळात जमतं.

खरं तर नुसतं सकाळचंच नाही. आम्ही घरात चौघं आणि जेवणाच्या वेळाही चार. आई संध्याकाळी सातला जेवून हरिपाठाला बसते. मुलगा क्लासवरून साडेआठला येतो. मी ओव्हरटाइम असला की दहाला. बायकोचं तर ड्युटीवर. स्वयंपाक एकदाच होतो आणि निम्मं घर तो गरम करून खातं. एअर फ्रायर आल्यापासून दीड वर्ष मी या गोष्टीच्या मागे लागलोय. जे हाताला लागलं ते इथं लिहून ठेवतो, कारण मला सुरुवातीला असं कुणी सांगितलं असतं तर बरंच अन्न वाचलं असतं.

यंत्र आणलं दिवाळीच्या बोनसमधून, आईसाठी. तिचं कोलेस्टेरॉल वाढलं होतं आणि भज्यांवरचं प्रेम कमी होत नव्हतं. कमी तेलात भजी होतील असं वाटलं होतं. तशी ती होत नाहीत. पातळ पिठाची भजी यात घालूच नयेत, पीठ जाळीतून खाली गळतं आणि वर राहतं त्याला भजं म्हणवत नाही. तळणाची चव तळणालाच. दोन महिन्यांत आम्ही तो नाद सोडला. पण आधीच तळलेलं, भाजलेलं, उकडलेलं जे काही घरात उरतं, त्याला या यंत्रानं जो जीव परत येतो तो ना तव्यावर येतो, ना मायक्रोवेव्हमध्ये.

खोका उघडला त्या दिवशी मी जरा वेळ नुसता बघत बसलो होतो. मी सतरा वर्षं हीट ट्रीटमेंटच्या, म्हणजे लोखंडी माल तापवून कडक आणि चिवट करायच्या शॉपमध्ये आहे. आमच्याकडं शाफ्ट, गिअर, पिना येतात. आधी हार्डनिंगच्या भट्टीत साडेआठशे अंशाच्या आसपास तापवून तेलात बुडवायच्या, मग टेंपरिंगच्या भट्टीत मालाप्रमाणं दोनशे ते सहाशे अंशावर ठेवायच्या. टेंपरिंगची आमची भट्टी जमिनीत गाडलेली, गोल. तिच्यात कॉइल, तिच्यात पंखा, आणि माल जाळीच्या बास्केटमध्ये भरून वरून सोडायचा. पंखा गरम हवा फिरवत ठेवतो म्हणून वरच्या पिनेला आणि खालच्या पिनेला सारखीच आच लागते. एअर फ्रायर हे तिचं लहान भावंड. वर कॉइल, त्याच्यावर पंखा, खाली जाळीची बास्केट. नेदरलँड्सच्या फ्रेड व्हॅन डर वाय यांनी बटाट्याचे काप कमी तेलात चांगले व्हावेत म्हणून हे जुळवलं आणि फिलिप्सनं २०१० साली बाजारात आणलं. आमचं यंत्र दुसऱ्या कंपनीचं आहे, चार लिटरचं, १५०० वॉटचं, ८० ते २०० अंशांपर्यंत जाणारं. आतली रचना तीच.

शॉपमध्ये पहिल्या आठवड्यात शिकवतात की भट्टीचा काटा हे भट्टीचं तापमान, मालाचं नव्हे. काटा साडेपाचशेवर गेला म्हणजे पिनेचा गाभा साडेपाचशेवर गेला असं होत नाही. गाभ्यापर्यंत उष्णता मुरायला वेळ द्यावा लागतो. जाडीच्या दर इंचाला साधारण एक तास असा आमचा हिशोब. याला आम्ही सोकिंग म्हणतो. ही गोष्ट मला स्वयंपाकघरात जितकी उपयोगी पडली तितकी दुसरी कुठलीच नाही.

बटाटेवड्याचं सांगतो. रविवारी मुलाचे मित्र आले होते, गाड्यावरून पंधरा वडे आणले, सहा उरले. रात्री फ्रीजमध्ये ठेवले. सकाळी हातात घेतले तर पीठ ओलसर, बोटाला चिकटणारं, आणि वडा दाबला तर स्पंजासारखा बसणारा. याला आई म्हणते सादळलं. सादळणं म्हणजे कोरड्या वस्तूनं ओल धरणं. पापड सादळतो, चिवडा सादळतो, काडेपेटी सादळते. वड्याच्या बाबतीत ओल बाहेरून आलेली नसते, ती आतल्या बटाट्याचीच असते. तळताना वरच्या पिठातलं पाणी उडून गेलेलं असतं म्हणून ते कुरकुरीत. आत बटाटा मात्र ओला. रात्रभरात आतलं पाणी हळूहळू बाहेर येऊन पिठात मुरतं. मायक्रोवेव्हमध्ये घातला तर हेच काम मिनिटात होतं. बटाट्यातलं पाणी तापून वाफ होते आणि ती वाफ पिठातूनच बाहेर पडते. म्हणून मायक्रोवेव्हचा वडा चटका बसेल इतका गरम आणि तरी लगदा.

मी सुई असलेला डिजिटल थर्मामीटर आणला होता. पहिला वडा २०० अंशाला चार मिनिटं ठेवला. वरून काळपट, कडा करपायला आलेल्या. सुई मध्यापर्यंत खुपसली, ३४ अंश. आपल्या अंगापेक्षा गार. दुसरा १६० ला आठ मिनिटं ठेवला. आत ७१. पीठ कोरडं, पण अजून खुसखुशीत म्हणता येईना. तो तसाच परत आत सरकवून १९० ला दीड मिनिट दिलं. बाहेर काढल्यावर चमच्यानं टकटक केलं तर आवाज आला. आत ७६ अंश. फोडल्यावर वाफ निघाली, हळदीचा आणि लसणाचा वास आला, आणि कवच हातात तुकडा होऊन आलं. तेव्हापासून आमच्याकडं वडा, समोसा, कोबीचं कटलेट, सगळ्याला हीच चाल. आधी मुरू द्यायचं, मग शेवटी वरून आच. तेलाचं बोटही लावायचं नाही, तळलेल्या पिठात तेल मुबलक असतं, उलट थोडं निथळून खाली ट्रेमध्ये येतं.

आणि वडे एकमेकांना टेकवायचे नाहीत. चारच बसत असतील तर चारच. टेंपरिंगला पिना खचाखच भरल्या तर मधल्या कच्च्या राहतात, कारण वाऱ्याला जायला वाट नसते. इथं तेच. घाई असली की माणूस बास्केट भरतो आणि मग वरचे करपतात, खालचे ओले.

आता याच्या उलट वस्तू. चपाती, भाकरी, धपाटे. यांचं दुखणं सादळण्याचं नाही, वाळण्याचं आहे. मला हा फरक कळायला दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांत मी चपातीला वड्याचीच चाल लावत होतो आणि पापड काढत होतो.

पिठातला स्टार्च शिजताना पाणी पिऊन फुगतो, म्हणून ताजी चपाती मऊ. गार झाली की तो स्टार्च परत आवळायला लागतो, धरलेलं पाणी सोडतो आणि ताठ होतो. फ्रीजच्या थंडीत हे सगळ्यांत भरभर होतं. म्हणून डब्यात कापडात गुंडाळून बाहेर ठेवलेली चपाती सकाळी जेवढी बरी असते तेवढी फ्रीजमधली नसते. साठ अंशाच्या वर तापवलं की आवळलेला स्टार्च परत सैल पडतो, पण जवळपास पाणी पाहिजे. आणि एअर फ्रायरचं तर कामच वाऱ्यानं पाणी ओढून न्यायचं. तेव्हा आधी पाणी द्यायचं आणि ते कोंडून ठेवायचं. ओला हात चपातीच्या दोन्ही अंगांवरून फिरवायचा, तीन-चार चपात्यांची चवड करायची, फॉइलमध्ये घट्ट गुंडाळायची, १६० ला चार-पाच मिनिटं. उघडल्यावर तशाच पटकन खायच्या, कारण दुसऱ्यांदा गार झालेली चपाती पहिल्यापेक्षा वाईट ताठ होते. एक-दोन चपात्या असतील तर मात्र यंत्र लावू नका. तवा तापलेला असेल तर अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

ज्वारीच्या भाकरीला हेही लागू पडत नाही. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, शिळी भाकरी परत ताजीसारखी पदर सुटणारी होत नाही. मी पाणी मारून, फॉइलमध्ये, ओल्या फडक्यात, सगळं करून बघितलं. मग एकदा आईनं सांगितलं की तिच्या माहेरी जतला उरलेली भाकरी रात्री चुलीच्या कडेला उभी करून ठेवायचे. निवत चाललेल्या आराची धग रात्रभर लागायची आणि सकाळी भाकरी कडक. ती दह्यात किंवा ताकात चुरून न्याहारी. जत म्हणजे आमच्या जिल्ह्याचा पूर्वेकडचा कोरडा भाग, तिथं भाकरीचा तुकडा टाकणं कुणाच्या मनातच येत नसे. मग मी भाकरीचे चार तुकडे केले आणि १५० ला बारा मिनिटं ठेवले, मध्ये एकदा उलटे केले. ज्वारीचा जो भाजका वास घरभर सुटला, त्यानं आई देवघरातून उठून आली. एक तुकडा मोडून कानाशी धरला, कट् असा आवाज झाला. शेंगदाण्याची चटणी, दही आणि कच्चा कांदा. त्या दिवशी आम्ही तिघांनी मिळून चार भाकरी संपवल्या. आता भाकरी मुद्दाम दोन जास्त टाकतो.

थालीपीठ या दोन्हींच्या मधलं आहे. कडा वाळलेल्या, मध्यभाग सादळलेला. त्याला कडेनं पाण्याचं बोट फिरवायचं, मध्ये तेलाचे दोन थेंब, १७० ला पाच मिनिटं. थालीपिठाला बोटानं पाडलेली भोकं इथं कामाला येतात, त्यातून वारा आरपार जातो आणि मध्य सुद्धा भाजला जातो. रात्रपाळीच्या सकाळी मी जास्त वेळा हेच करतो. बायको लोण्याबरोबर खाते आणि पहिला घास गेल्यावर डोळे मिटते. मला ते बघायला आवडतं.

पावसाळ्यात मात्र या यंत्रानं आमच्यावर खरे उपकार केले ते भडंगाच्या बाबतीत. सांगलीच्या माणसाच्या घरात भडंगाचा डबा नाही असं होत नाही. चुरमुरे, शेंगदाणे, ठेचलेला लसूण, तिखट, कढीपत्ता. जुलै लागला की झाकण दोन वेळा उघडलं तरी चुरमुरा दाताखाली चिवट लागतो. आई एरवी परातीत पसरून गच्चीवर ऊन दाखवते. पण आठ-आठ दिवस ऊनच नसलं तर काय दाखवणार. मी म्हटलं, ऊन म्हणजे कोरडी ऊब आणि वारा, ते आपल्याकडं आहे.

पहिला प्रयोग फसला. १६० ठेवलं होतं, चुरमुरे हलके, पंख्याच्या वाऱ्यानं उडून थेट कॉइलला जाऊन चिकटले. धूर झाला, जळका वास दोन दिवस यंत्रातून गेला नाही, आणि लसणाच्या फोडी काळ्या पडून कडू झाल्या. यंत्र पूर्ण गार झाल्यावर उलटं करून मऊ ब्रशनं कॉइलवरची काजळी काढावी लागली. आता १०० अंशाच्या वर जात नाही. बास्केटमध्ये भडंग दोन बोटं जाडीचं पसरतो, त्याच्यावर यंत्राबरोबर आलेली स्टीलची घोडी उलटी ठेवतो म्हणजे काही उडत नाही. चार मिनिटं, एकदा हलवायचं, परत तीन मिनिटं. काढल्या काढल्या खाऊन बघितलं तर अजून मऊच लागतं आणि माणूस फसतो, परत लावतो. लावायचं नाही. परातीत पसरून पूर्ण निवू द्यायचं, कुरकुरीतपणा निवल्यावर येतो. आणि निवल्याशिवाय डब्याचं झाकण लावलं तर आतल्या आत वाफ धरून परत सादळतं. चकली, शेव, खारे शेंगदाणे, सगळ्याला हेच. शंकरपाळीला साखर असते म्हणून तिला ९० च पुरे.

पापड यात भाजायचा मोह होतो. तोही उडून कॉइलला टेकतो. घोडीखाली दाबला तर भाजतो, पण गॅसवरचा पापड दहा सेकंदांत होतो, त्याला एवढा उपद्व्याप कशाला.

आमटी, रस्सा, पातळ भाजी यात घालू नये. वरून साय धरते आणि खालून गार राहते. भरली वांगी मात्र फार सुंदर होतात, स्टीलच्या वाटीत दोन चमचे पाणी घालून, वर फॉइल लावून, १६० ला दहा मिनिटं. चिंच किंवा टोमॅटो असलेल्या वस्तूला फॉइल टेकू द्यायचं नाही, आंबट पदार्थ ॲल्युमिनियमला खातो आणि ते अन्नात उतरतं. हे शॉपमध्ये ॲसिड हाताळणाऱ्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

भाताबद्दल बायकोचं म्हणणं ठाम आहे आणि ते मी तिच्याच शब्दांत सांगतो. भात कुकरमधून काढल्यावर दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेला पाहिजे. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात, ते शिजवून मरत नाहीत. भात उबेला पडून राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. ते विष परत तापवल्यानं जात नाही. म्हणजे रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भाताला सकाळी कितीही खमंग फोडणी दिली तरी उपयोग नाही. आईनं आयुष्यभर भात बाहेरच ठेवला आणि सकाळी फोडणीचा केला. तिला हे पटवणं सोपं नव्हतं. बायको रागावली नाही, भांडली नाही. एका रात्री वॉर्डात आलेल्या पोराच्या उलट्यांबद्दल तिनं आईला सांगितलं, तेवढंच. दुसऱ्या दिवसापासून आई उरलेला भात परातीत पसरते, पंख्याखाली दहा मिनिटं निववते आणि बसक्या डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवते. बाकीच्या शिळ्या अन्नाला बायकोचा नियम एकच, गाभ्याशी ७५ अंश. थर्मामीटर त्यासाठी ओट्याच्या खिळ्याला अडकवलेला असतो.

आईला अन्न टाकवत नाही, याला अलीकडचंही एक कारण आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला तेव्हा आत्याचं घर सांगलीवाडीला. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं. आत्याकडची सगळी माणसं नऊ दिवस आमच्याकडं होती. दूध मिळत नव्हतं, भाजी मिळत नव्हती. सकाळच्या चपात्यांचा संध्याकाळी कुस्करा, संध्याकाळच्या भाताचं सकाळी थालीपीठ, असं करून आईनं अकरा माणसांना घास पुरवला. तेव्हापासून ताटात उरलेला तुकडाही ती उचलून बघते, याचं काय होईल म्हणून.

आणि तिच्याच बाबतीत माझ्याकडून एक चूक झाली, ती लिहिल्याशिवाय हे पुरं होणार नाही.

आई माळकरी आहे. आम्ही बाकीचे खातो. रात्री गाड्यावरून आणलेलं चिकन सिक्स्टी फाइव्ह उरलं की मी सकाळी एअर फ्रायरमध्ये गरम करायचो. होतं फार छान, वरचं कॉर्नफ्लोअरचं आवरण पहिल्यासारखं कडक. बास्केट मी गरम पाण्यानं, साबणानं घासायचो, मला वाटायचं झालं. महिन्याभरानं लक्षात आलं की आई त्या यंत्रातलं काहीच खात नाही. भाकरी तव्यावर शेकून घेते, वडा गारच खाते. विचारलं तर म्हणाली, "असू दे रे, मला गार चालतं." एका शब्दानं बोलली नाही. जे यंत्र तिच्यासाठी आणलं होतं त्यातलं ती महिनाभर खात नव्हती, आणि मला ते दिसलं नव्हतं. बास्केट घासून स्वच्छ झाली तरी वरच्या कॉइलला, पंख्याला वास धरलेला असतो, तो तिला येत होता.

त्या रविवारी मी पंखा-कॉइलपर्यंत सगळं पुसून काढलं. नवीन बास्केट मागवली आणि तिला सांगितलं, आई, यात परत कधी सामिष जाणार नाही. सिक्स्टी फाइव्ह आता मागच्या पडवीत, जुन्या लोखंडी कढईत, मंद आचेवर कोरडं परतून गरम होतं. तेही वाईट होत नाही. आईनं लगेच काही खाल्लं नाही. आषाढी एकादशीला साबुदाण्याचे वडे केले होते, संध्याकाळी चार उरलेले दगडासारखे झालेले. साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्चच, गार झाला की असाच आवळतो. ती ताटली घेऊन माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "तुझ्या त्या डब्यात हे मऊ होतील का?" १६० ला सात मिनिटं, १९० ला एक. वरून कुरकुरीत, आत साबुदाणा परत पारदर्शक, लुसलुशीत. तिनं दोन खाल्ले, शेंगदाण्याच्या आमटीबरोबर.

एक सावधगिरीची गोष्ट सांगून ठेवतो. १५०० वॉटचं यंत्र २३० व्होल्टला साडेसहा अँपियर ओढतं. ओट्यावरचे साधे पॉइंट सहा अँपियरचे असतात. मी सुरुवातीला बाजारातून आणलेल्या एक्स्टेन्शन बोर्डवर लावलं होतं, तिसऱ्या आठवड्यात बोर्डाचं भोक काळं पडलं आणि प्लास्टिकचा वास आला. दुकानदारानं बोर्ड बदलून दिला नाही, त्याच्यावर किती भार चालतो तेही कुठं लिहिलेलं नव्हतं. वायरमनला बोलावून सोळा अँपियरचा वेगळा पॉइंट घेतला. लाइट बिलाची भीती मात्र बाळगू नका, दहा मिनिटं सलग चाललं तरी पाव युनिट होतं.

आज रात्री बायकोची या महिन्यातली शेवटची रात्रपाळी. दुपारी मागच्या दारच्या अळूची पानं काढून आईनं अळूवडीचे चार उंडे उकडले, निववले आणि ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवलेत. गार उंडा कापताना पदर सुटत नाही. सकाळी साडेआठला बोटभर जाडीच्या चकत्या करीन, दोन्ही अंगांना तेलाचं बोट फिरवीन, सुट्या सुट्या मांडून १७० ला दहा मिनिटं. तीळ मात्र काढल्यावर वरून टाकायचे, आधी टाकले तर वाऱ्यानं उडतात. खोबरं खवून ठेवलंय.